नानांच्या गाडीवरचं अमृत

कॅम्प नंबर ३, अरुणाचल
१२ जानेवारी २०२५

ताईस सनीचा जय भीम.

तुझं पत्र सोळा दिवसांनी मिळालं. फोन का लागत नाही म्हणून विचारतेस, तर इथं टॉवरच नाही. अलीकडं डोंगर, पलीकडं डोंगर, मधे आमचा बोगदा. सोमवारी रेशनचा ट्रक खाली तेजपूरला जातो, त्याचा ड्रायव्हर पत्रं टाकतो आणि आलेली आणतो. रस्त्यावर दरड आली की तेही बंद.

मी पंपावर आहे. बोगद्यात पाणी झिरपतं ते बाहेर काढायचं. आठ तास गमबुटात पाय. नववी नापास माणसाला याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार, पण इथं बी मन लागत नाही. मुकादमाला विचारलंय, दुसऱ्या साइटवर पाठव म्हणून.

आता मुद्द्याचं. नानांनी मार्केट यार्डातली हमाली सोडली आणि पेठ रोडला सरबताची गाडी लावली, हे वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसलो की बाजूचा बिहारी उठून बसला. आपला बाप आणि सरबत! मग तू बोर्डावरची नावं लिहिलीस ती वाचली आणि हसू गेलं. ताकाला 'अमृत'. लिंबू सरबताला 'सुधा'. आवळ्याला 'संजीवनी'. मध घातलेल्या पाण्याला 'मकरंद'. आणि 'पीयूष' ते पीयूषच.

ताई, तू विसरलीस का? आपल्या घरात या गोष्टींची नावं कशाला होती? 'अमृत' म्हणजे देशीची पिवळी पिशवी. 'औषध' म्हणजे क्वार्टर. 'लाल सरबत' म्हणजे रम. कुणी पाजली तर 'आज पीयूष झालं' म्हणायचे. हरसूलकडून कुणी मोहाची आणली की ते 'फुलांचं पाणी'. आई विचारायची, कुठं होता? हे म्हणायचे, ताक प्यायला गेलो होतो. मला सांग, तोच माणूस आता तीच नावं पत्र्यावर रंगवून घेतो तर मी काय समजू?

आणि तू म्हणतेस, सटाण्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली, एक मार्चला हजर व्हायचं, तिकडंच राहायचं. म्हणजे घरात नाना एकटे. कोण बघणार ते काय पितात?

खरं लिही. नानांनी सोडलीय का नाही?

तुझा सनी

*

नाशिक
२९ जानेवारी २०२५

प्रिय सन्या, जय भीम.

सोडली. चौदा महिने झाले. आई गेल्यावर पाचव्या महिन्यात सोडली, ते तू इथं होतास तेव्हाच. तुझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि तू निघून गेलास. तू गेल्यापासूनही एक थेंब नाही. मी त्यांच्या तोंडाचा वास घेते, खोटं कशाला सांगू. रोज घेते. पाणी देताना जवळ जाते आणि श्वास ओढते. सव्वीस वर्षांची बाई मी, बापाला हुंगते.

नावं मी काढून दिली. ते म्हणाले, ताई, सरबत म्हटलं की सगळेच सरबतवाले, मला चांगली चांगली नावं दे, पुस्तकातली. मी कॉलेजच्या लायब्ररीतून शब्दकोश आणला. अमृताला मराठीत इतके शब्द आहेत की एवढे आपल्याकडे पेले नसतील. मकरंद म्हणजे फुलाच्या पोटातला रस, मधमाशी पिते तो. तो वाचून दाखवला तेव्हा नाना म्हणाले, हा घे. पेंटर म्हणाला, काका, 'सोमरस' पण टाकू का, गिऱ्हाईक तुटून पडेल. नानांनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हणाले, तेवढा नको. 'अमृत' मात्र त्यांनी स्वतः सांगितलं, सगळ्यात आधी, सगळ्यात वर.

गाडी चांगली चालते. शेजारच्या चांगुणा काकूंच्या घरून बर्फाची पेटी आणली, दुपारी कॉलेजची मुलं येतात.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. दिवसभर मला गाडीवर बसवतात, पण संध्याकाळी सात वाजायच्या आत घरी पाठवतात. रोज. 'जा, भाकरी टाक.' मी म्हटलं, भाकरी आठला टाकते, तुम्हाला भांडी विसळायला मदत करते. तर चिडले. सोडल्यापासून कधी चिडले नव्हते ते त्या दिवशी चिडले. आठ वाजता येतात, हात धुतलेले असतात. वास नसतो. माझ्या मनात काही नाही, तुला आपलं सांगितलं.

सटाण्याला निकिता म्हणून नर्स आहे, तिच्याबरोबर खोली मिळतेय. नाना म्हणतात जा. पण सनीला विचार, असंही म्हणतात.

तिकडं थंडीत काय घेतोस? जाड मोजे पाठवू का?

तुझी ताई

*

कॅम्प नंबर ३
१६ फेब्रुवारी २०२५

ताईस,

मोजे नको. थंडीचं काय, सगळ्यांनाच आहे. संध्याकाळी सुट्टी झाली की भंडारी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, सगळ्यांना गरम पाणी देतो, दोन ग्लास घेतले की पाय आपल्या जागेवर येतात. इथली माणसं तांदळाची पेज पितात, पांढरी, ताकासारखी, तीही अंगात ऊब आणते. तू माझी काळजी करू नको. मी कंट्रोलमधला माणूस आहे.

मला दात काढायला खाली नेलं होतं. तिथं फोन लागला. तुला लावला नाही. का, तर नाना शेजारी असतील आणि तू 'सगळं बरं आहे' म्हणशील. म्हणून महेशला लावला, आपल्या मागच्या गल्लीतला, रिक्षा चालवतो तो. त्याला म्हटलं, पेठ रोडला भाडं घेऊन जातोस, नानांच्या गाडीवर नजर टाक आणि मला खरं सांग. तो म्हणाला, टाकायची काय गरज, रोज बघतो. सात वाजता गाडीवर गर्दी. आणि गर्दी कोणाची? चिमाजी. झुंबर. नानांचा जुना सगळा गुत्ता. तोंडं पाडून उभे असतात. नाना आतून पातेलं काढतात, दिवसभर काचेचे ग्लास आणि सातला स्टीलचे! आत काय आहे दिसत नाही. पितात, बोलत नाहीत, आठला पांगतात. महेश म्हणाला, सन्या, तुझा बाप धंदा करतोय.

आता सांग. तुला सातच्या आत घरी का पाठवतात? दिवसा कॉलेजच्या पोरांना अमृत आणि संध्याकाळी दुसरं अमृत. विकणारा कधी ना कधी पितो. किंवा पीतच असेल, वास मारायला आवळा आहेच गाडीवर.

तू सटाण्याला जायचं नाही. मी लिहितोय ते ऐक. तू गेलीस की महिन्यात संपलं सगळं.

आणि एक काम कर. हरसूलच्या बाजारात लंकाबाई बसते, झाडपाला घेऊन, आंब्याच्या झाडाखाली. आई तिच्याकडून दारू सोडवायची पूड आणायची, मीच जायचो आणायला. आई नानांना न सांगता चहात टाकायची. तू पण टाक. सकाळच्या चहात, चिमूटभर. कळू देऊ नको.

महेश म्हणाला, सातला गर्दी असते. चिमाजी, झुंबर, सगळा गुत्ता. स्टीलचे ग्लास. हे तुला सांगायचं राहिलं होतं. नाना धंदा करतायत ताई.

भंडारी बोलवतोय. सगळेच घेतात, मी एकटा नाही घेतला तर बरं दिसत नाही. दोनच ग्लास. जायचं नाही सटाण्याला.

सनी

*

नाशिक
४ मार्च २०२५

सन्या,

मी एक तारखेला हजर झाले नाही. पंधरा एप्रिलपर्यंत मुदत मागून घेतली, घरचं कारण सांगितलं. त्यांनी एकदाच मिळेल म्हणून बजावलंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी खोटं बोलून हरसूलला गेले. लंकाबाई अजून तिथंच बसते. मी काही मागायच्या आत म्हणाली, नवरा का बाप? मी म्हटलं, बाप. तिनं कागदाची पुडी बांधून दिली.

सकाळी चहात टाकली. घाईघाईत अर्धी ओट्यावर सांडली. नानांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. पेल्यात बघितलं. मग सगळा चहा प्यायले, अगदी तळाचा गाळसुद्धा. दुसऱ्या दिवशी तसंच. मला वाटलं, कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पिऊन झाल्यावर स्वतःचा कप स्वतः विसळला, उपडा घातला आणि म्हणाले, "लंकाबाई बरी आहे का?"

मी तुझी पत्रं काढून त्यांच्यापुढे ठेवली. दुसरं काय करणार होते? त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत दोन्ही वाचली. सकाळचे अकरा वाजले त्यांना. मला म्हणाले, "संध्याकाळी तू ये गाडीवर. लांब थांब, पण ये." मी म्हटलं, येऊ देत नव्हतात ना? तर म्हणाले, "त्यांना लाज वाटते. कुणाच्या पोरीसमोर उभं राहायची."

मी रस्त्यापलीकडे पंक्चरच्या दुकानापाशी थांबले. महेशनं सांगितलं ते सगळं खरं आहे. सात वाजता चिमाजी काका आले, झुंबर आला, आणखी चार-पाच. दोघं तर कामाचे कपडे तसेच. नानांनी पातेलं काढलं. सन्या, त्यात आंबील होती. नाचणीची, गरम, ठेचलेला लसूण आणि मिरची घातलेली, वाफेबरोबर वास माझ्यापर्यंत आला. स्टीलचा ग्लास का, तर चिमाजी काकांचा हात थरथरतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन काचेचे फोडले.

कुणी भाषण करत नव्हतं. झुंबर म्हणाला, "कारभारी, तुझी ही आंबील म्हणजे जनावराला पाजायची चीज आहे." नाना म्हणाले, "मग बरोबर माणसाला पाजतोय." सगळे हसले. मग उभे राहिले, घड्याळ बघत. गुत्त्याची वेळ ती. तो एक तास उभं राहून काढायचा, एवढंच त्यांचं ठरलेलं. एक जण मधेच निघाला, दुकानाच्या दिशेनं. त्याला कुणी अडवलं नाही. नानांनी त्याचा ग्लास झाकून ठेवला. आठला पाच कमी असताना तो परत आला. पिऊन आला की तसाच, ते मला कळलं नाही. नानांनी झाकण काढून ग्लास त्याच्या हातात दिला.

मी रस्ता ओलांडून गेले नाही. तिथूनच घरी आले आणि भाकरी टाकल्या.

नाना तुला स्वतः लिहितायत. त्यांनी मला एकच विचारलं, "हे गरम पाणी काय भानगड आहे?" मी म्हटलं, थंडी असते तिकडं. त्यांनी तुझ्या पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मीही तुझं पत्र परत वाचलं. आता मला तुझ्या उत्तराची भीती वाटते.

ताई

*

(त्याच पाकिटात)

सनीस नानाचा जय भीम.

मला लिहायची सवय नाही. चार इयत्ता शिकलो. चुकलं तर सांभाळून घे. आज दुपारी गाडी लावली नाही, लिहायला बसलो आहे.

तुझी आई चहात पूड टाकायची ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लंकाबाईची पूड तुरट असते, जिभेच्या मुळाशी बसते, कितीही साखर घाला. मी बोललो नाही. सकाळी तो चहा प्यायचो आणि संध्याकाळी दारू. आठ वर्षं. पुडीचा गुण काही आला नाही. पण सकाळी तोंड तुरट झालं की वाटायचं, बाई अजून आपल्यामागं लागलेली आहे. मग दिवसभर मला काही वाटत नसे.

ती गेली. दुसऱ्या दिवशी ताईनं चहा दिला. नुसता गोड. पाच महिने तो गोड चहा प्यायलो आणि दारू बी प्यायलो. एक दिवस कप हातात होता आणि माझ्या ध्यानात आलं, आता कुणीच टाकणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी सातला मी घराबाहेर पडलो आणि यार्डाच्या भिंतीला टेकून आठपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी परत. असं चालू आहे.

परवा ताईनं टाकली तेव्हा राग आला नाही. दोन दिवस मुद्दाम बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण तिला पहारेकरी व्हायला मी शिकवलं नाही. तिला रक्त तपासायला शिकवलं आहे.

नावांचं विचारतोस. तू दुसरीत होतास. वर्गात बाईंनी विचारलं, अमृत म्हणजे काय, तर तू हात वर करून सांगितलंस, नानाचं पिवळ्या पिशवीतलं. बाईंनी मला बोलावून सांगितलं. मी प्यायलेला होतो. मी हसलो. तू माझ्याकडं बघून हसलास. बोर्ड रंगवायच्या वेळी मला दुसरं काही सुचलंच नाही.

तू माझ्यावर शक घेतलास त्याचं वाईट वाटलं नाही. मी तो कमावलेला आहे. पण तुझी पत्रं वाचली. दुसऱ्या पत्रात महेशची गोष्ट तू दोनदा सांगितलीस. मधे जागासुद्धा फार नाही. मी पण घरी येऊन तुझ्या आईला एकच गोष्ट दोनदा सांगायचो, आणि राहिली होती म्हणून सांगतो म्हणायचो. पाय दुखतात. थंडी आहे. सगळेच घेतात. दोनच ग्लास. मी कंट्रोलमधला. यातलं एक बी वाक्य तुझं नाही पोरा.

मी विचारत नाही. तू कबूल करू नको, शपथ घालू नको, मी दोन्ही लय वेळा केलं आहे. मला फक्त एवढं कळव की तिकडं सात ते आठ तू कुठं असतोस.

कारभारी

*

कॅम्प नंबर ३
२३ मार्च २०२५

ताईस,

पाकीट मिळून सहा दिवस झाले. पहिल्या दिवशी मी नानांचं पत्र चुलीत घालायला निघालो होतो. मग उत्तर लिहायला बसलो. 'तुम्ही मला शिकवणार?' एवढं लिहिलं आणि पुढं बऱ्याच शिव्या. तो कागद फाडला. मग माझी जुनी पत्रं आठवून बघितली, दुसऱ्यात मी काय लिहिलं होतं. ताई, मला आठवेना. दात काढलेला आठवतो. महेशशी बोललो ते आठवतं. पत्र लिहिलेलं आठवत नाही.

तुला माहीत झालंच आहे, तरी लिहितो. गरम पाणी म्हणजे रम. कॅम्पात सगळे तसंच म्हणतात, मुकादमापुढं बोलता येतं म्हणून. ती पांढरी पेज म्हणजे छांग, तांदळाची दारू. मी इथं आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून घेतोय. मी नानांच्या गाडीवरचं प्रत्येक नाव उलटं करून बघत होतो, आणि माझ्या हातातल्या ग्लासाला मी काय म्हणतो ते मला ऐकू येत नव्हतं.

कागद फाडला त्या दिवशी भंडाऱ्याला म्हटलं, मला खरोखरचं गरम पाणी दे. तो बघतच राहिला. म्हणाला, ताप आहे का? मग पातेलं शोधायला लागला, कारण एवढ्या दिवसांत कुणी मागितलंच नव्हतं. सगळे मला हसले. त्यांनी आता माझं नाव 'पानीवाला' ठेवलंय. तसाही मी पंपावरच आहे.

सहा दिवसांत चार दिवस घेतली नाही. मंगळवारी घेतली. काल पण घेतली, पण अर्धा ग्लास, नाही, एक ग्लास. खोटं लिहून काय उपयोग, नाना वाचणार.

तू सटाण्याला जा. मी तुला अडवत होतो ते नाना बिघडतील म्हणून, असं मलाच वाटत होतं. पण तसं नव्हतं. घरात तू त्यांच्यावर नजर ठेवून बसली आहेस म्हटलं की मी इथं मोकळा. कुणीतरी पहारा करतंय ना, मग मी कशाला स्वतःकडं बघू. तुझी नोकरी त्यात गेली असती. पंधरा एप्रिलच्या आत जा. हे पत्र वेळेत नाही पोचलं तर नानांचं ऐक, ते जा म्हणालेच आहेत. मला विचारायची गरज नाही. मी आता कुणाचं ठरवायच्या लायकीचा नाही, निदान या महिन्यात.

नानांना सांग, सात ते आठ मी पंपाच्या खोलीत असतो. इथं दिवा आहे आणि मोटारीची ऊब. वही घेऊन बसतो. आज काय लिहावं म्हणून तुलाच लिहायला घेतलं. मगाशी बाजूचा बिहारी दारात येऊन म्हणाला, पानीवाला, चल, एक तरी. मी म्हटलं, बहिणीला पत्र लिहितोय. तो म्हणाला, अजून? मी म्हटलं, लांबलंय.

आत्ता साडेसात झालेत. सांगायचं सगळं सांगून झालं. तरी अजून अर्धा तास आहे, म्हणून असंच लिहीत राहतो. आज चारशे मीटरला पाणी वाढलं होतं, दुसरी मोटार लावली. बर्फ कमी व्हायला लागलाय, रस्त्याकडेला कसलीतरी लाल फुलं आलीत, नाव माहीत नाही. मुकादम म्हणतो दुसऱ्या साइटवर जागा आहे, मी म्हटलं, नको, राहतो. पेनातली शाई फिकी पडतीये, दुसरं पेन आणतो.

आणलं.

पावणेआठ. सटाण्याच्या खोलीचा पत्ता कळव, पिनकोडसकट. मला रोज लिहावं लागणार आहे.

सनी